रेषेपलीकडचा माणूस : ग्रंथकार बाबासाहेबांची जीवनवाट

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या घराघरांत परिचित आहे. महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिराचा लढा, गोलमेज परिषद, राज्यघटना आणि नागपूरची धम्मदीक्षा हे टप्पे आपल्या मुलांना पाठ्यपुस्तक हाती येण्याआधीच ठाऊक झालेले असतात. प्रस्तुत लेखात त्याच चरित्राकडे त्यांच्या ग्रंथांच्या वाटेने जाण्याचा प्रयत्न केला आहे. सीमा, स्थलांतर आणि मानवी हक्क या विषयांवर आज जगभरच्या विद्यापीठांत आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक ग्रंथ लिहीत आहेत. बाबासाहेबांनी या तिन्ही विषयांवर आयुष्यभर लेखन केले. सीमा गावकुसाची असो, प्रांताची असो वा राष्ट्राची, त्यांनी प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला : ही रेषा आखल्यावर तिच्यापलीकडे अडकून पडणाऱ्या दुर्बळ माणसाचे रक्षण कोण करणार?

जन्मापासूनचे स्थलांतर

बाबासाहेबांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. त्यांचा जन्म मात्र झाला १४ एप्रिल १८९१ रोजी, शेकडो कोस दूर असलेल्या महूच्या लष्करी छावणीत. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करात शिक्षक होते. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीस आले, तेथून साताऱ्यास गेले. साताऱ्यातच माता भीमाबाई निवर्तल्या. पुढे कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत येऊन स्थिरावले. महू, दापोली, सातारा, मुंबई असा हा प्रवास एका मुलाच्या शालेय वयातच घडून आला. कोकणातून, देशावरून, मराठवाड्यातून वा विदर्भातून घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीकडे आलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांचा इतिहास याहून फारसा निराळा नाही.

१९०१ साली घडलेला एक प्रसंग त्यांच्या मनावर कायमचा कोरला गेला. रामजी तेव्हा खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल म्हणून नोकरीस होते. त्यांना भेटण्यासाठी भीमराव, थोरले बंधू आणि भाचे अशी मुले नवे कपडे घालून साताऱ्याहून निघाली व आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. घ्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तराने प्रथम आपुलकीने चौकशी केली, परंतु मुले महारांची आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटला. एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे ठरले आणि मुलांनीच बैल हाकावेत, गाडीवानाने बाजूने पायी चालावे, अशी तडजोड झाली. शिदोरी बरोबर होती, पण रस्त्यात कोणी पाणी दिले नाही. जकात नाक्यापाशी मुलांनी ती रात्र तहानेने काढली. रेल्वेने तिकीट दिले होते आणि सरकारचा रस्ता सर्वांना मोकळा होता. तरीही त्या रस्त्यावर एक अदृश्य नाके उभे होते आणि त्याचा परवाना या मुलांजवळ नव्हता.

एका पुस्तकाचे नाव

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१६ साली ते लंडनला गेले. परदेशातील त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याची जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईस परतले. पैपैसा वाचवून जमवलेली ग्रंथसंपदा दुसऱ्या जहाजाने पाठवली होती. महायुद्धाच्या धुमश्चक्रीत ते जहाज बुडाले.

ग्रंथ गेले त्याहून मोठा आघात बडोद्यात झाला. संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेलेल्या या उच्चविद्याविभूषित तरुणास राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून त्यांनी दहा दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दाराशी आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांनी आसरा देण्याचे टाळले. सार्वजनिक बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईस निघून आले.

हे प्रसंग पुढे १९३० च्या दशकात त्यांनी एका छोटेखानी इंग्रजी पुस्तकात लिहून ठेवले. अस्पृश्यता कशी असते हे परदेशी वाचकास केवळ व्याख्येने उमगणार नाही, घडलेली हकीकतच सांगितली पाहिजे, हा त्यामागील हेतू होता. चाळीसगावचा प्रसंगही त्यात आहे. १९२९ साली टांगेवाल्यांनी महार प्रवाशास नेण्याचे नाकारले, म्हणून वस्तीतील लोकांनी आपल्यातलाच एक जण टांगा हाकायला बसवला. त्यास सराव नव्हता. टांगा मोरीवर आदळला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. दौलताबाद किल्ल्याच्या हौदावर १९३४ साली सहकाऱ्यांनी धुळीने माखलेले हातपाय धुतले, तेव्हा पाणी बाटवल्याचा गलका झाला. अखेरीस पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत सशस्त्र शिपाई देऊन त्यांना किल्ला पाहू देण्यात आला.

या पुस्तकाला त्यांनी नाव दिले ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. परक्या देशाच्या सीमेवर उभ्या असलेल्या माणसास व्हिसा लागतो. येथे मात्र तो स्वतःच्याच देशात, विहिरीपाशी, धर्मशाळेपाशी, वैद्याच्या दाराशी तिष्ठत उभा आहे. हे पुस्तक त्यांच्या हयातीत प्रकाशित झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली प्रसिद्ध केले आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात ते अभ्यासासाठी वापरले जाऊ लागले.

फाळणीपूर्वीचा ग्रंथ

१९४० च्या मार्चमध्ये मुस्लिम लीगने लाहोर येथे ठराव केला आणि देशभर वादळ उठले. एका बाजूला घोषणा होत्या, दुसऱ्या बाजूला संताप. दादरच्या हिंदू कॉलनीत, खास ग्रंथांसाठी बांधलेल्या ‘राजगृहा’त बाबासाहेबांनी या प्रश्नाचा अभ्यास आरंभला. त्याच वर्षाअखेर ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९४५ साली त्याची वाढवलेली आवृत्ती ‘पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया’ या नावाने निघाली.

हा ग्रंथ आजही वादाचा विषय होतो, परंतु तो मुळातून वाचणारे थोडे. त्यात बाबासाहेबांनी दोन्ही पक्षांची बाजू वकिलाच्या काटेकोरपणाने मांडली, सैन्याची रचना तपासली, महसुलाचा हिशेब केला आणि जिल्हावार लोकसंख्येची कोष्टके व नकाशे जोडले. फाळणी झालीच, तर पंजाब आणि बंगाल यांच्या सीमा नव्याने आखाव्या लागतील हे त्यांनी दाखवून दिले. सिंध व वायव्य सरहद्द प्रांतात हिंदू विखुरलेले असल्याने तेथे कोणतीही रेषा आखली तरी अल्पसंख्याक उरणारच, हेही त्यांनी सांगितले. त्यांच्यासाठी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा मार्ग त्यांनी सुचवला.

पहिल्या महायुद्धानंतर ग्रीस, तुर्कस्तान व बल्गेरिया या देशांनी अल्पसंख्याकांची अदलाबदल केली होती. ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात १९२३ च्या करारानुसार झालेली अदलाबदल सक्तीची होती आणि तिच्यात सुमारे १५ लाख माणसे विस्थापित झाली. बाबासाहेबांनी या उदाहरणांचा अभ्यास करून स्थलांतर सक्तीचे की स्वेच्छेचे, मागे राहिलेल्या मालमत्तेचे काय, असे व्यवहाराचे प्रश्न उपस्थित केले. या उपायाची मानवी किंमत किती मोठी असते, याची साक्ष ग्रीस व तुर्कस्तानातील निर्वासितांच्या पुढच्या पिढ्यांनी दिली आहे. त्यामुळे या सूचनेवर मतभेद होऊ शकतो. मात्र एक गोष्ट मान्य करावी लागते. सीमा आखायचीच असेल तर माणसांची व्यवस्था आधी लावा, हा इशारा त्यांनी सात वर्षे अगोदर दिला होता. प्रत्यक्षात सिरिल रॅडक्लिफ जुलै १९४७ मध्ये भारतात आले, अवघ्या पाच आठवड्यांत त्यांनी रेषा आखली आणि ती जाहीर झाली स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी, १७ ऑगस्टला. एक कोटीहून अधिक माणसे कसल्याही व्यवस्थेविना वाटेला लागली.

जगाच्या न्यायासनापुढे

याच काळात बाबासाहेब अस्पृश्यांचा प्रश्न देशाबाहेर मांडत होते. डिसेंबर १९४२ मध्ये कॅनडातील माँ त्रांब्लां येथे पॅसिफिक रिलेशन्स परिषद भरली. तिच्यासाठी त्यांनी एक निबंध पाठवला, जो पुढील वर्षी पुस्तकरूपाने आला. महायुद्धानंतरच्या जगाची घडी बसवू पाहणाऱ्या राष्ट्रांनी या कोट्यवधी माणसांना विसरू नये, अशी त्यात मागणी होती.

१९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संघटनेने आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांपुढे नेल्याचे त्यांच्या वाचनात आले. त्यांनी थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले, दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखवले आणि त्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. दु बॉइस यांनी जुलै अखेरीस उत्तर धाडून सहानुभूती कळवली. अस्पृश्यांच्या स्थितीविषयी असेच एक निवेदन बाबासाहेबांनी संयुक्त राष्ट्रांसाठी तयार केले होते. ते त्यांनी सादर केले नाही. संविधान सभेला आणि भावी संसदेला आधी संधी द्यावी, असा विचार त्यांनी केला. १९५१ साली मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना ही गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली आणि तोवरच्या अनुभवाबद्दलची निराशाही लपवली नाही.

मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन प्रसिद्ध केले. त्याची रचना राज्यघटनेच्या कलमांसारखी आहे. सामाजिक बहिष्कार हा दंडनीय गुन्हा ठरवावा, अशी तरतूद त्यात आहे आणि तिच्यासाठी १९२२ च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला आहे. आणखी एक मागणी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पडीक सरकारी जमिनीवर अस्पृश्यांची स्वतंत्र गावे वसवण्यासाठी वसाहत आयोग नेमावा, असे त्यांनी सुचवले. गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या परावलंबी जिणे जगणाऱ्यांना हक्काचे स्थलांतर आणि हक्काची जमीन मिळावी, हा त्यामागचा विचार होता. ती मागणी मान्य झाली नाही. माणसे मग आपल्याच हिमतीवर निघाली, मुंबईत गिरणीत, गोदीत, रेल्वेत कामाला लागली आणि लोहमार्गालगतच्या वस्त्यांत राहिली.

सीमेचा फटका आणि संविधानाची कलमे

फाळणीच्या रेषेने खुद्द बाबासाहेबांचे संविधान सभेतील स्थानही हिरावले. मुंबईतून निवड होणे अशक्य झाल्याने १९४६ साली ते जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने बंगालमधून निवडून गेले होते. बंगालच्या फाळणीने ते सदस्यत्व संपले. पुढे मुंबई प्रांतातून त्यांची पुन्हा निवड झाली आणि २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली जाऊन ते तिचे अध्यक्ष झाले.

त्या दिवसांत सिंधमधून निर्वासितांचे लोंढे मुंबईकडे येत होते. कल्याणच्या लष्करी छावणीत, चेंबूरला, शीव कोळीवाड्याला आणि मुलुंडला त्यांचे कॅम्प उभे राहिले. मुलुंड कॉलनीतील जुने रहिवासी त्या दिवसांच्या आठवणी आजही सांगतात. परंतु ज्यांना येताच येत नव्हते, त्यांचे काय? पाकिस्तानात, विशेषतः सिंधमध्ये, सफाईची कामे करणाऱ्या अस्पृश्यांना अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली अडकवून ठेवले जात होते. गेल्यावर शहरे झाडणार कोण, ही तेथील सरकारची अडचण होती. सगळ्यांना हाकलणाऱ्या सीमेने यांनाच तेवढे धरून ठेवले. बाबासाहेबांनी १९४७ च्या अखेरीस निवेदन काढून या बांधवांना मिळेल त्या मार्गाने भारतात येण्याचे आवाहन केले आणि पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून त्यांच्या सुटकेची मागणी केली. पाकिस्तानचे कायदामंत्री झालेले जोगेंद्रनाथ मंडलही १९५० साली राजीनामा देऊन भारतात परतले.

हा सारा अनुभव संविधानात उतरला. पाकिस्तानातून आलेल्यांना व तेथे जाऊन परतलेल्यांना नागरिकत्व कसे द्यावे, या प्रश्नाने मसुदा समितीला सर्वाधिक सतावले. कितीतरी मसुदे झाल्यानंतर आजची सहावी व सातवी कलमे सिद्ध झाली. सहाव्या कलमात १९ जुलै १९४८ ही मर्यादा घालून देण्यात आली. त्याआधी आलेले व येथेच राहिलेले लोक नागरिक ठरले, त्यानंतर आलेल्यांना नोंदणीची वाट ठेवली गेली.

अस्पृश्यता नष्ट करणारे आजचे सतरावे कलम संविधान सभेने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संमत केले. त्यानंतर अकराच दिवसांनी, १० डिसेंबरला, संयुक्त राष्ट्रांनी पॅरिस येथे मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. पंधराव्या कलमाने दुकाने, विहिरी, तलाव, रस्ते सर्वांसाठी खुले केले. एकोणिसाव्या कलमाने देशात कोठेही जाण्याचा व राहण्याचा हक्क दिला. मसूरची बैलगाडी, बडोद्याची धर्मशाळा, दौलताबादचा हौद डोळ्यांपुढे ठेवून ही कलमे वाचावीत, म्हणजे त्यांतील एकेका शब्दाचे मोल कळते. हक्क बुडाल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याची सोय करणारे बत्तिसावे कलम त्यांना सर्वांत महत्त्वाचे वाटे, कारण दाद मागता येत नसेल तर हक्क कागदावरच राहतो हे त्यांनी भोगून जाणले होते.

भाषेच्या सीमा आणि आपली मुंबई

१९४८ साली भाषावार प्रांतरचनेच्या आयोगापुढे बाबासाहेबांनी मुंबई महाराष्ट्राचीच आहे, हे पुराव्यांनिशी मांडले. डिसेंबर १९५५ मध्ये त्यांचा ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ हा ग्रंथ आला. एका राज्याची भाषा एक असावी, परंतु एका भाषेचे एकच राज्य असले पाहिजे असे नाही, ही त्यांची भूमिका होती. मराठी भाषकांची चार राज्ये करावीत आणि त्यांतील एक मुंबईचे नगरराज्य असावे, असे त्यांनी सुचवले. संयुक्त महाराष्ट्राचा इतिहास पुढे वेगळ्या दिशेने गेला आणि १ मे १९६० रोजी एकच राज्य स्थापन झाले. परंतु त्या सूचनेमागची चिंता विसरता येणार नाही. मोठ्या राज्यात एखाद्या प्रबळ जातीच्या बहुमताखाली गावोगावी विखुरलेला छोटा समाज चिरडला जाईल, ही ती चिंता होती. सीमा भाषेच्या होत्या, तरी बाबासाहेबांची नजर पुन्हा रेषेतल्या दुर्बळावरच खिळलेली होती.

परिव्रज्या

त्यांचा अखेरचा महाग्रंथ ‘द बुद्ध अँड हिज धम्म’. त्याच्या आरंभीच स्थलांतराची आणि सीमेची कथा आहे. वृद्ध, रोगी, प्रेत व संन्यासी पाहून सिद्धार्थाने रातोरात गृहत्याग केला, ही परंपरेची कथा बाबासाहेबांनी नाकारली. शाक्य आणि कोलिय यांच्या राज्यांमधून रोहिणी नदी वाहत होती आणि तिच्या पाण्यावरून तंटे होत. शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, तेव्हा सिद्धार्थाने त्यास विरोध केला. बहुमत विरुद्ध गेले. देहदंड किंवा कुटुंबावर बहिष्कार व जमिनीची जप्ती, असे संकट समोर उभे राहिले. आपल्यामुळे आप्तांवर आपत्ती नको, म्हणून सिद्धार्थाने देशत्याग पत्करला आणि परिव्राजक होऊन तो निघाला. सीमेच्या पाण्यासाठी शेजाऱ्याचे रक्त सांडण्यास नकार देऊन राष्ट्र सोडणारा हा पुरुष बाबासाहेबांना आपला शास्ता वाटला. मसूरच्या वाटेवर पाण्याविना रात्र काढणाऱ्या मुलाने आयुष्याच्या शेवटी पाण्याच्याच तंट्यातून धम्माचा उगम सांगावा, यात त्या जीवनाची सलगता दिसते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांच्याविषयी भाषण केले. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव देह विमानाने आपल्या उपनगरातील सांताक्रूझ विमानतळावर आणण्यात आला. त्या उत्तररात्री तेथून दादरपर्यंत माणसे रस्त्यावर उभी होती. त्यांतील पुष्कळांना अक्षरओळख नव्हती, तरी आपल्यासाठी कोणी लिहिले हे त्यांना पुरेपूर कळले होते. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ पुढील वर्षी, १९५७ मध्ये, सिद्धार्थ महाविद्यालयाने प्रसिद्ध केला. त्याच वर्षी बृहन्मुंबईची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली आणि गावकुसाबाहेरून आलेली कितीतरी कुटुंबे या महानगराच्या हद्दीत आली.

आज आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण खऱ्याखुऱ्या व्हिसासाठी रांगेत उभे राहतात आणि शिक्षण वा नोकरीसाठी समुद्रापार जातात. त्यांच्या पारपत्रावर जात लिहिलेली नसते, पण काही ठिकाणी ती त्यांच्या आधीच तेथे पोहोचलेली असते. म्हणूनच २०२३ साली अमेरिकेतील सिएटल शहराने जातिभेदास कायद्याने बंदी केली. दुसरीकडे, आपल्याच वस्त्यांत कामधंद्यासाठी नव्याने आलेला परप्रांतीय मजूर भाड्याने खोली मागतो, तेव्हा त्याला नाव, गाव आणि धर्म विचारून दार लावणारे हात कधी कधी आपलेही असतात. बाबासाहेबांचे ग्रंथ घरात असणे ही अभिमानाची गोष्ट आहे. दारात आलेल्या त्या माणसाशी बोलण्यापूर्वी, निवासी विद्यालयात घर सोडून राहिलेल्या आपल्यासारख्यांनी बडोद्याच्या धर्मशाळेचे ते पान एकदा उघडून वाचावे.